आरोपाची तारीख

जगात कुठेही एखादा बदनाम सत्ताधीश परदेशी फौजेनं उचलून नेला, की आमच्या तेल्हाऱ्यात चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बरं झालं, लोकांच्या छातीवर बसला होता, गेला एकदाचा. दुसरा तट म्हणतो, तो कसाही असो, त्याच्या देशात घुसायचा यांना काय अधिकार? मला दोघांचाही राग येत नाही. पहिल्याला पीडितांची कणव आहे, दुसऱ्याला स्वातंत्र्याची चाड आहे. पण एक प्रश्न दोघंही विचारत नाहीत. ज्या गुन्ह्याचं नाव घेऊन त्या माणसाला हटवलं, तो गुन्हा हटवणाऱ्याला पहिल्यांदा कळला कधी? आणि त्या तारखेपासून हटवण्याच्या तारखेपर्यंत हटवणाऱ्याचं आणि हटवलेल्याचं आपसात काय चाललं होतं?

हा प्रश्न समजायला वऱ्हाडाबाहेर पाऊल टाकावं लागत नाही. अडगाव बुद्रुक आमच्याच तालुक्यात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव-शिरसोलीच्या शिवारात आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीनं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. त्या दिवशी त्याच्या काही पलटणी मराठ्यांच्या तोफा सुरू होताच पाठ फिरवून पळत सुटल्या होत्या. दोनच महिने आधी असईला शौर्यानं लढलेले हे शिपाई. वेलस्लीनं त्यांना स्वतः आवरून पुन्हा उभं केलं, नाहीतर आमच्या भागाचा इतिहास वेगळा झाला असता. शाळेत असई शिकवतात. अडगावला एखादी ओळ मिळते, आणि ती वाचणाऱ्या आमच्या पोरांना हे रणांगण आपल्याच तालुक्यातलं आहे हे कुणी सांगत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती लढाई झाली कशावरून? पुण्यात कुणी राज्य करायचं यावरून. दुसरा बाजीराव हा तेव्हाचा वादग्रस्त नेता. त्यानं विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं, सरदारांना एकमेकांशी झुंजवलं, आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरानं हडपसरला फौज मोडताच तो पुणं सोडून पळाला. ३१ डिसेंबरला त्यानं वसईत इंग्रजांशी तह केला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या संगिनींच्या पहाऱ्यात परत पुण्याच्या गादीवर बसला. विठोजीचं काय झालं, हे इंग्रजांना ठाऊक नव्हतं? अख्ख्या दख्खनला ठाऊक होतं. तरी त्याला बसवला, कारण तो सही करत होता. शिंदे आणि भोसल्यांना ही परक्यांनी बसवलेली पेशवाई मान्य नव्हती, म्हणून असई झाली, म्हणून अडगाव झालं. पंधरा वर्षांनी, जून १८१८ मध्ये, त्याच इंग्रजांनी त्याच बाजीरावाला गादीवरून उतरवून वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला पाठवलं. माणूस तोच, त्याचे गुणदोषही तेच. बदललं होतं ते एवढंच, की आता तो सही करायला तयार नव्हता.

अडगावनंतर गाविलगड. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह. लढाईपासून तहापर्यंत अवघे अठरा दिवस. रघूजी भोसल्यानं कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. नरनाळा, गाविलगड आणि त्या गडांखालचा चार लाखांचा मुलूख तेवढा त्याच्याकडे राहिला. बाकीचा वऱ्हाड कंपनीनं आपला दोस्त म्हणून निजामाला देऊन टाकला.

हरला तरी रघूजी वाकला नाही. तैनाती फौज घ्या म्हणून इंग्रज वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले होते. त्यानं मरेपर्यंत घेतली नाही. मार्च १८१६ मध्ये तो गेला, आणि इथून पुढची गोष्ट मला आज सगळ्यांना सांगायची आहे, कारण जगात पुढे जे अनेकदा घडलं त्याचा सगळा क्रम नागपूरच्या त्या दोन वर्षांत दिसतो.

रघूजीचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीरानं आणि बुद्धीनं दुबळा होता, कारभार त्याला झेपणारा नव्हता. कारभारावर डोळा ठेवून दोन पक्ष उभे राहिले. एकीकडे रघूजीची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, म्हणजे अप्पासाहेब. हा अप्पासाहेब कोण? अडगावच्या रणात भोसल्यांची फौज ज्याच्या हाताखाली लढली, त्या व्यंकोजी उर्फ मन्याबापूचा मुलगा. वय विशीचं. त्यानं धर्माजीला कैद केलं, तो कैदेतच मारला गेला, आणि अप्पासाहेब मुख्त्यार झाला. पण घरातले विरोधक संपले नव्हते. त्याला बाहेरचा आधार हवा होता.

कंपनीचा नागपूर दरबारातला वकील, म्हणजे रेसिडेंट, रिचर्ड जेनकिन्स याच संधीची वाट पाहत बसला होता. मे १८१६ च्या अखेरीस रात्रीच्या अंधारात, दरबारालाही पत्ता न लागू देता, तैनाती फौजेचा तह झाला. बापानं ज्यांच्याशी अडगावला लढाई दिली, चुलत्यानं ज्यांना तेरा वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्यांना मुलानं एका रात्रीत आत घेतलं. फौज कंपनीची, खर्च नागपूरच्या रयतेचा. धर्माजीचा खून हा त्या रात्री अडसर ठरला नाही.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला होता. शहरात लगेच कुजबुज सुरू झाली की राजाला मारलं. परसोजीची बायको काशीबाई सती गेली. कुजबुज रेसिडेन्सीपर्यंत पोचली नसेल, हे मला पटत नाही. रेसिडेंटचं कामच कुजबुज ऐकण्याचं असतं. तरी कंपनी सरकारनं अप्पासाहेबाला नागपूरचा राजा म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी तो थाटात गादीवर बसला. या तारखेखाली मी जाड रेघ मारतो. १८१७ च्या पूर्वार्धात परसोजीचा मृत्यू हा इंग्रजांच्या लेखी खून नव्हता.

मग अप्पासाहेबाला कळलं की तो राजा नाही. फौजेचा बोजा वाढत होता, आणि बाहेरच्या कुणाशीही कंपनीला वगळून व्यवहार करायला तहानं बंदी केली होती. पुण्यात बाजीरावानं ५ नोव्हेंबरला खडकीवर लढाई दिली. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबानं जेनकिन्सचा विरोध डावलून भर दरबारात पेशव्याची खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, स्वीकारली. २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. संख्या नागपूरची जास्त, जीत इंग्रजांची. अप्पासाहेब १६ डिसेंबरला स्वतः शरण गेला. त्याचे अरब शिपाई मात्र शहरातून तीस तारखेपर्यंत लढत राहिले. जानेवारीत त्याला परत गादीवर बसवलं, पण बदल्यात नर्मदेकाठचा मुलूख, सागर, आणि आमचे नरनाळा-गाविलगड खालच्या मुलखासकट काढून घेतले. आमच्या भागातल्या माणसाला हे माहीत असायला हवं, की नरनाळ्याच्या पायथ्याचा पट्टा भोसल्यांच्या हातून गेला तो १८०३ मध्ये नाही, तो या सौद्यात गेला, आणि पुढे कंपनीनं तोही निजामाला देऊन टाकला.

१५ मार्च १८१८ रोजी अप्पासाहेबाला कैद झाली. आरोप दोन. कंपनीविरुद्ध कट, आणि परसोजीचा खून.

खून आता खून झाला. मधल्या तेरा महिन्यांत त्या मृतदेहात काही बदललं नव्हतं.

अप्पासाहेब निर्दोष होता असं मी म्हणत नाही. परसोजीला त्यानंच मारवलं असावं असं मलाही वाटतं, आणि धर्माजीच्या बाबतीत तर संशयाला फारशी जागा नाही. ज्यांनी त्याला पुढे स्वातंत्र्यवीर म्हणून रंगवलं त्यांनी परसोजी आणि काशीबाईचं नाव गिळून टाकलं, हे मला पटत नाही. एका दुबळ्या, लाचार माणसाला अंथरुणात मारणारा देशासाठी लढला म्हणून धुतला जात नाही. पण मग त्याचा खटला कुठे आहे? परसोजीच्या खुनाचा खटला कधीच चालला नाही. ना साक्षी जबान्या भर न्यायासनापुढे झाल्या, ना आरोपीला बाजू मांडू दिली, ना नागपूरच्या एका माणसाला विचारलं. राजाला राजकीय कैदी म्हणून उचललं आणि अलाहाबादच्या वाटेला लावलं. परसोजीला न्याय द्यायचा असता तर त्याचा निवाडा झाला असता. इंग्रजांना परसोजी फक्त आरोपांच्या यादीत हवा होता.

वाटेत, मे महिन्यात जबलपूरजवळ, पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून शिपायाच्याच वेषात अप्पासाहेब निसटला. महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांनी त्याला आसरा दिला. इंग्रजांनी त्याच्यावर मोठं बक्षीस लावलं. त्या बक्षिसाला हात न लावणारी ती डोंगरातली माणसं गरीब होती, हे लक्षात घ्या. पुढे असीरगड, मग पंजाब, शेवटी जोधपूर. जोधपूरच्या मानसिंहानं इंग्रजांचा दबाव असूनही शरण आलेल्याला त्यांच्या हवाली केलं नाही. १८४० मध्ये अप्पासाहेब तिथेच वारला.

आणि ज्या रयतेला दुष्ट राजापासून सोडवलं म्हणायचं, तिला काय मिळालं? रघूजीच्या मुलीचा मुलगा, वय लहान, त्याला तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवलं आणि राज्य जेनकिन्सनं चालवलं. हा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस मुलाशिवाय वारला, आणि डलहौसीनं पुढच्याच वर्षी नागपूर खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोलानं विकले. जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. म्हाताऱ्या बाकाबाईनं, सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन अशी धमकी दिल्याची नोंद आहे. हीच बाकाबाई अप्पासाहेबाची विरोधक होती. अप्पासाहेब गेल्यावर तिचाच पक्ष जिंकला होता. छत्तीस वर्षांनी तिच्या दारात लिलाव आला. परक्याला आपल्या शत्रूवर घालणाऱ्या प्रत्येक पक्षानं बाकाबाईचं म्हातारपण एकदा डोळ्यांपुढे आणावं.

वऱ्हाडाचं तर बोलायलाच नको. १८०३ मध्ये भोसल्यांकडून निजामाकडे. निजामावर हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं म्हणून १८५३ मध्ये कंपनीकडे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाला वर्षाला पंचवीस लाख देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतला. मालक निजाम, कूळ इंग्रज सरकार, आणि आम्ही कापूस पिकवणारे त्या कागदावर कुठेच नाही. निजामानं १९२० च्या दशकात वऱ्हाड परत मागितला तेव्हा लॉर्ड रीडिंगनं नकार दिला. मागणाराही वऱ्हाडी नव्हता आणि नाकारणाराही नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षं आमच्या पूर्वजांना कुणी एकदाही विचारलं नाही, की तुम्हाला कुणाच्या हाताखाली राहायचं आहे.

टपरीवरचा पहिला तट आता मला अडवेल, आणि त्यानं अडवायलाच हवं. तो म्हणेल, मग काय, लोकांनी मरत राहायचं? हा अत्यंत प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर टाळून कुणाला स्वातंत्र्यावर व्याख्यान देता येणार नाही. कंबोडियात पोल पॉटच्या राजवटीत लाखो माणसं मेली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामची फौज नॉम पेन्हमध्ये शिरली आणि ते हत्याकांड थांबलं. तेव्हा जिवंत राहिलेल्या माणसाला मी सार्वभौमत्वाचा धडा देणार नाही. माझी ती लायकी नाही आणि कुणाचीच नाही. पण पुढचं ऐका. व्हिएतनामनं फौज पाठवली ती स्वतःच्या सरहद्दीवरच्या हल्ल्यांमुळे, आणि ती दहा वर्षं तिथंच राहिली. आणि मानवी हक्कांचं नाव घेणाऱ्या बड्या देशांनी संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा नंतरही वर्षानुवर्षं पोल पॉटच्याच बाजूला ठेवली, कारण व्हिएतनाम त्यांच्या विरोधी गोटातला होता. खुनी तोच, मुडदे लाखांनी, आणि तरी जगाचा ताजवा भलतीकडेच झुकलेला.

दुसरं उदाहरण आपल्याच घरचं, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचं. कारभार वाईट होता, याबद्दल शंका नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात विष घातल्याचा आरोप त्याच्यावर आला. इथे निदान चौकशी आयोग बसला, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासद ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि दिनकरराव राजवाडे. तिघा इंग्रजांना विषप्रयोग सिद्ध झाला असं वाटलं, तिघा हिंदी सभासदांना वाटलं नाही. सरकारनं काय केलं? विष बाजूला ठेवलं आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन त्याला पदच्युत केलं. गैरकारभार आधीपासून माहीत होता. मग विषाचा तमाशा कशाला? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरून आणलेला मुलगा पुढे सयाजीराव महाराज झाला, आणि त्यानं सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, ग्रंथालयं उघडली. ते श्रेय सयाजीरावाचं आहे. रेसिडेन्सीनं अनेक गाद्यांवर अनेक मुलं बसवली, सयाजीराव एकच निघाला.

इराणात १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेरांनी पंतप्रधान मोसाद्देघ यांचं सरकार पाडलं. तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं एवढाच त्यांचा गुन्हा होता, आणि सीआयएनं हा हात २०१३ मध्ये कागदावर मान्य केला. पनामाचा नोरिएगा वर्षानुवर्षं त्याच सीआयएच्या पगारावर होता. तो हाताबाहेर गेला तेव्हा डिसेंबर १९८९ मध्ये त्याच्यावर फौज आली, आणि त्याचा मादक पदार्थांचा धंदा जगाला मोठ्या आवाजात सांगण्यात आला.

सद्दाम हुसेनच्या बाबतीत तारखा एकापुढे एक मांडल्या की पुरे. जुलै १९८२ मध्ये दुजैल गावात त्याच्या ताफ्यावर गोळीबार झाला, आणि त्याच्या राजवटीनं सूडापोटी १४८ माणसं मारली. २० डिसेंबर १९८३ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे दूत डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दामचा हात हातात घेऊन आले. नोव्हेंबर १९८४ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. मार्च १९८८ मध्ये हलबजावर विषारी वायू टाकला गेला, हजारो कुर्द मेले. २००३ मध्ये तेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री असताना इराकवर फौज गेली. ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दामला फाशी झाली ती दुजैलच्या १४८ जणांसाठी. हस्तांदोलनाच्या दीड वर्ष आधीच्या गुन्ह्यासाठी.

दुजैलच्या कुटुंबांना तो निकाल मिळाला, हे मी कमी लेखत नाही. पण कुर्दांच्या संहाराचा खटला तेव्हा चालू होता, आणि मुख्य आरोपी मध्येच फासावर गेला. हलबजाच्या आया त्याला समोर उभा करून विचारू शकल्या असत्या, की हा वायू बनवायला माल तुला कुणी विकला, आणि तेव्हा तुझ्याशी हात मिळवायला कोण कोण आलं होतं. त्या न्यायालयात तो प्रश्न विचारण्याची वेळ आणणं कुणालाच सोयीचं नव्हतं.